गिरणी चालू करू का?

मीटिंगमध्ये दिवे क्षणभर मंदावले आणि माझी बोटं आपसूक सेव्ह करायला धावली. शेजारचा इंजिनियर हसला. "मॅडम, आता सगळं आपोआप सेव्ह होतं." मला ठाऊक आहे, तसं सॉफ्टवेअर माझीच कंपनी विकते! पण बोटांना अजून शकूताईंची हाक ऐकू येते.

आम्ही दोघी मैत्रिणींनी कंपनी सुरू केली ती शकूताईंच्या पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत. खाली मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडायचं आणि आमचा एकुलता एक कॉम्प्युटर दिवसभराचं काम गिळून बंद व्हायचा. एकदा मी जिन्यात बसून रडले, ते त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्या आधी ओरडून विचारायच्या, "पोरींनो, गिरणी चालू करू का गं?" आम्ही "करा" म्हणेपर्यंत थांबायच्या. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका कुरकुरल्या, तर म्हणायच्या, "थांबा जरा, वर काम चाललंय."

सुरुवातीला आमच्यावर विश्वास कोणी ठेवला, असं लोक मुलाखतीत विचारतात. आमचं काम नेमकं कसलं, हे शकूताईंना कधीच कळलं नाही. ते वाया जाऊ नये, एवढं मात्र कळत होतं.