सही तेवढी सुमनकाकूंची

ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगमध्ये माझा नंबर यायच्या आतच रियाचा फोन आला. "दादा, आई गेली... झोपेतच. शी वॉज फाइन यस्टरडे!" रिया म्हणजे सुमनकाकूंची मुलगी. मी लॅपटॉप मिटला आणि गाडी काढली. इथे टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये काकूंचं घर माझ्यापासून दहा मिनिटांवर. या गोष्टीला सहा आठवडे झाले, तरी माझा राग उतरलेला नाही. राग मरणाचा नाही, काम अर्धवट राहिलं त्याचा आहे.

काकू मूळच्या पुण्याच्या, शाळेत विज्ञान शिकवलेल्या आणि पक्क्या नास्तिक. मंडळाच्या गणपतीला मोदक खायला हजर, पण आरती सुरू झाली की बाहेर चपलांपाशी जाऊन उभ्या राहायच्या. आणि हीच बाई दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्हा चार-पाच जणांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून कम्युनिस्ट देशांतल्या तुरुंगाधिकाऱ्यांना कार्डं लिहायला लावायची! कैदी कोण, तर प्रार्थना केली म्हणून आत टाकलेले भिक्खू, पाद्री, मौलवी. एक आंतरराष्ट्रीय संस्था त्यांची यादी पाठवायची. तीच यादी घेऊन पोलंडमध्ये, केनियातही कोणी ना कोणी बसलेलं असायचं. मी एकदा विचारलंच, "काकू, तुम्ही देव मानत नाही, मग ही उठाठेव कशाला?"

"मी मानत नाही ते माझ्या मर्जीनं. ते मानतात ते त्यांच्या मर्जीनं. मधे सरकार कुठून टपकलं?"

त्यांचे नियम कडक. पाकीट नाही, उघडं कार्डच, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक कारकुनानं वाचलं पाहिजे. भाषा नम्र. आणि खाली आपलं पूर्ण नाव, पूर्ण पत्ता. इथे माझं घोडं अडायचं. मी ग्रीनकार्डच्या रांगेत, त्यातून आमच्या कंपनीचं एक ऑफिस नेमकं त्यांतल्याच एका देशात. मजकूर झोकात लिहायचो, सहीपाशी पेन थांबायचं. काकू कार्ड ओढून घ्यायच्या. "दे इकडे, भित्र्या. मजकूर तुझा, सही माझी." हसतच म्हणायच्या, पण मला ते लागायचं.

यादीत एक पाद्री होते. देशाचं नाव लिहीत नाही, त्यांची बायको अजून तिथेच राहते. घरात दहा माणसं जमवून प्रार्थना केली, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांना जुन्या तुरुंगातून कुठेतरी हलवलं होतं आणि वर्षभर बायकोला पत्ताच नव्हता. तिचं म्हणणं एवढंच, की नवरा जिवंत आहे की नाही ते तरी सांगा.

त्या महिन्यात मी शहाणपणा केला. काम पटापट व्हावं म्हणून एक्सेलमधून पत्त्यांची लेबलं छापली. पण सॉर्ट करताना एकच कॉलम निवडला, कैदी आणि पत्ते यांची जोडी तुटली, आणि चाळीस कार्डं भलत्याच तुरुंगांना गेली. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

दोन महिन्यांनी एक पाकीट आलं, पाद्रींचं कार्ड चुकून गेलं होतं त्या तुरुंगाकडून. आत एकच ओळ, खाली शिक्का. या नावाचा कैदी आमच्याकडे नाही. मी कपाळाला हात लावला, तर काकू खुर्चीतून उठल्याच. "अरे गाढवा, वाचतात रे! अकरा वर्षांत पहिलं उत्तर!" आणि लगेच, "आता पाद्रींच्या प्रांतातल्या सगळ्याच तुरुंगांना विचारू. हा माणूस तुमच्याकडे आहे का?"

तुरुंग सहा. पोलंडवाल्यांनी, केनियावाल्यांनीही लिहिलं. हात झटकायला सरकारी माणूस जगभर तत्पर... वर्षभरात पाच ठिकाणांहून 'आमच्याकडे नाही' आलं. सहावा गप्प. "चोराच्या मनात चांदणं," काकू म्हणाल्या, आणि मग सगळी कार्डं त्या एकाच पत्त्यावर सुरू झाली. इथल्या खासदाराच्या ऑफिसात त्या इतक्या वेळा गेल्या, की तिथली मुलं त्यांना 'काकू'च म्हणायला लागली. शेवटी त्या बायकोला काचेपलीकडून पंधरा मिनिटं भेट मिळाली. नवरा वाळलेला, पण जिवंत! तिचा निरोप वाचताना काकू ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "भेट म्हणजे सुटका नव्हे. लिहा."

सुटका अजून झालेली नाही.

काकूंच्या शोकसभेला रियानं भजन ठेवलं नाही, टेबल मांडलं. तेच टेबल, त्यावर काकूंचा टपालतिकिटांचा पत्र्याचा डबा. डब्याखाली शेवटचं कार्ड सापडलं. मजकूर पूर्ण होता, सही राहिली होती. रिया म्हणाली, "दादा, हे साइन कोण करणार?"

ग्रीनकार्ड अजून आलेलं नाही, कंपनीही तीच आहे. मी पेन घेतलं. नाव, आडनाव, अपार्टमेंटचा नंबर, अर्विंग, टेक्सास, सगळं सुवाच्य लिहिलं. खाली एक ओळ माझ्या पदरची घातली. "सुमनबाई वारल्या. यापुढे उत्तर या पत्त्यावर पाठवावं."