चकाला पाजलेलं तेल

“हात आखडू नको. वरसातनं एकदाच तर मिळतं त्याला. घाल अजून तेल,” थोरले काका पप्पांना म्हणत होते. मी चहाचा ट्रे घेऊन शेडच्या दारातच थांबले.

खंडेनवमी होती. बोरीच्या आमच्या घरी त्या दिवशी नांगरापासून विळ्यापर्यंत सगळी अवजारं पुजतात. त्यात लाकूड कातायचा पप्पांचा लेथही आला. त्यावर ते शिसवाच्या, आंब्याच्या लाकडाचे वाडगे काढत. वाडगा बुडाशी धरून फिरवणारा लोखंडी चक त्यांनी आळेफाट्याच्या जुन्या मशिनरीच्या दुकानातून आणला होता. दुकानदार तीन जबड्यांचा पुढे करत होता. तो लाकडात तीनच ठिकाणी रुततो, म्हणून पप्पांनी अडून बसून चार जबड्यांचा घेतला.

त्याचं एकच पथ्य होतं, आत तेल नको. तेलाला भुसा धरतो, खाचांत त्याचा लगदा बसतो, आणि मग जबडे आवळायची चावी घट्ट लागते पण पकड आलेली नसते. मागच्या उन्हाळ्यात असाच एक वाडगा सुटून पप्पांच्या भुवईवर आदळला. डोळा थोडक्यात वाचला. तेव्हापासून चक साफ करणं मी माझ्याकडे घेतलं. जबडे एकेक काढायचे, जुन्या टूथब्रशने खाचा झाडायच्या, कोरड्या फडक्याने पुसायचं आणि ज्या खाचेतला जबडा त्याच खाचेत परत. या कामात कुणाशी बोलावं लागत नसे, हेही मला बरं होतं.

पप्पांना हे सगळं ठाऊक होतं. पण थोरल्या भावापुढे ते कधी बोलत नसत. त्यांनी तेलाचं भांडं चकावर रिकामं केलं. वर आत्याने मूठभर हळद आणि कुंकू वाहिलं. ते खाचांमध्ये विरघळत गेलेलं मी पाहिलं, आणि सगळ्यांना चहा दिला.

संध्याकाळी मी फडकं घेऊन शेडकडे निघाले, तर आत्या ओट्यावरच बसलेली.

“कुठं निघाली? पुजल्याल्या हत्याराला आज हात लावायचा न्हाई. इंग्लिश शाळंत एवढं बी सांगितलं न्हाई व्हय गं?”

सगळे हसले. मीही हसले, फडकं ओढणीखाली घेतलं आणि परत फिरले.

दसऱ्याच्या सकाळी मुहूर्ताचा वाडगा काढायचा होता. घरचे सगळे लेथसमोर अर्धगोल करून उभे राहिले. पप्पांनी शिसवाचा ठोकळा चकात धरला आणि चावी फिरवली. ती नेहमीपेक्षा फार लवकर थांबली. खाचांतून पिवळा चिखल बाहेर आला होता. ठोकळा आणि जबडा यांच्यामधून मला पलीकडचा उजेड दिसत होता. पप्पांनीही क्षणभर तिकडे पाहिलं, निदान मला तसं वाटलं.

“बघतो काय नुसता? कर चालू,” काका म्हणाले.

मी मनात आधी इंग्रजीत वाक्य जुळवलं, मग मराठीत. कुणाला तरी हे दिसावं म्हणून मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. आत्याने पदर सावरून हात जोडले. पप्पांच्या भुवईवरचा व्रण त्या उजेडात पांढरा दिसत होता. त्यांचं बोट बटणावर गेलं.

“पप्पा, चालू करू नका,” मी म्हणाले. “पकड आलेली नाही. मी चक उघडून पुसणार आहे.”