फळमाश्यांच्या बाटलीत जास्तीचं औषध

सडक्या मोसंबीवर घोंगावणाऱ्या बारीक माश्यांवर मी जालन्यात तीन वर्षं काढली. आमच्याकडं त्यांना चिलटं म्हणतात. अंबडला घरी गेले की आई विचारायची, "पीएचडी करून राह्यली का चिलटं पाळून राह्यली?"

पण काम खरंच भारी होतं. सडक्या फळावर जंतू असतात अन् ही माशी ते जंतूच पचवते. त्यासाठी तिच्या आतड्यात लायसोझाइम नावाचं पाचकद्रव्य असतं, ते जंतूंचं कवच फोडतं. ते बनवणारी जनुकंच काढून टाकलेल्या माश्या आम्ही बाहेरून मागवल्या होत्या. जंतू खायला दिले तर त्यांच्या अळ्या साध्या अळ्यांच्या मागं पडतात का, एवढंच बघायचं होतं. माझी फेलोशिप पुढं चालू राहणार का बंद होणार, ते त्याच्यावर होतं.

पहिल्याच दिवशी गाइड सरांनी माझं आडनाव दोनदा विचारलं. आम्ही बौद्ध, हे कळल्यावर हसून म्हणाले, "इथं स्वच्छता लागते हं. घरच्यासारखं चालायचं नाही." डोक्यात तिडीक गेली. आमचं घर कधी बघितलं होतं या माणसानं?

मंग मी दाखवूनच दिलं. मका-गुळाचं खाद्य शिजवताना बुरशी येऊ नये म्हणून जे औषध घालतात, ते मी दुप्पट घातलं. बाकीच्यांच्या बाटल्यांना आंबूस वास, माझ्या बिलकुल चकाचक. सर पाहुण्यांना माझंच टेबल दाखवायचे. मी फुलून जायचे, मूर्ख कुठली!

निकाल आला तर दोन्हीकडच्या अळ्या सारख्याच. जनुकं असोत नसोत, फरकच न्हाई. पंधरा दिवस डोकं फोडलं, तेव्हा उमगलं. खाद्यावर सोडलेले जंतू माझ्या औषधानं मरून गेल्ते. पचवायला काही उरलंच नव्हतं.

सरांना जाऊन सगळं सांगितलं. मी म्हणाले, "पुन्हा करते सर, दोन महिने द्या."

"फेलोशिपची कमिटी सोमवारी आहे. एवढं औषध घालायला कुणी सांगितलं होतं तुला?"

तुम्ही सांगितलं, तुम्ही! 'स्वच्छता लागते हं' म्हणून! अगदी जिभेवर आल्तं. पण कमिटीच्या कागदावर सही त्यांचीच लागणार होती. मी मान खाली घातली. "चुकलं, सर. माफ करा."

सोमवारी फेलोशिप बंद झाली ती झालीच. अन् मी त्या माणसाची माफी मागून बसले होते.