महादूअण्णांसाठी दोन खांब

गॅरेजमध्ये दोन गोष्टी साचतात, जळकं ऑइल आणि किस्से. ऑइल न्यायला निदान कोणीतरी डबा घेऊन येतो. किस्से कोण नेणार? ते चहाबरोबर आपणच वाटून टाकायचे. आमच्याकडे गाड्या उचलायची लिफ्ट घ्यायची ठरली, त्या चार महिन्यांत तर इतके साचले की आता पोटात मावत नाहीत. तेव्हा ऐका!

आमचं गॅरेज नारायणगाव-जुन्नर रोडला. गिऱ्हाईक म्हणजे टोमॅटो आणि कांदा वाहणारे पिकअप आणि टेम्पो. टेम्पो कंपनीतून येतो तेव्हा बिचारा साधा असतो. मग मालक त्याला लोखंडी पिंजरा चढवतो आणि दर सीझनला क्रेटचा एक थर जास्त बसावा म्हणून तो पिंजरा वाढवत नेतो.

या गाड्यांच्या पोटाखाली तीस वर्षं झोपून काम केलं ते महादूअण्णांनी. अण्णा पश्चिमेच्या डोंगरातले, आपटाळ्याच्या पलीकडचे. मी पाना धरायला त्यांच्याकडेच शिकलो. आता बोर्डावर नाव माझं आहे, पण गिऱ्हाईक आत येतं ते "अण्णा हायेत का?" असं विचारतच.

गेल्या वर्षी जॅक सटकला. अण्णा वेळेत बाहेर सरकले, पण पाठ धरली ती धरलीच. डॉक्टर म्हणाले, "झोपून काम नाही, वाकून काम नाही." त्यांच्या घरच्या हौसावहिनी म्हणाल्या, "आता गाडीखाली जानं बंद. घरी चला, भात लावा!"

अण्णा मला म्हणाले, "डाक्टर म्हनतो वाकू नका आन् ही म्हनती भात लावा. भात काय हुबं ऱ्हाऊन लावत्यात?"

अण्णा गेले तर गॅरेज चालवण्यात मला काडीचा रस नव्हता. सरळच सांगतो, बापाच्या जागी आहेत. म्हणून लिफ्ट. गाडी वर आणि अण्णा खाली ताठ उभे!

* * *

पुण्याहून लिफ्ट विकणारे जोशी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. पहिला प्रश्न, "सगळ्यात जड गाडीचं वजन किती?"

आमचं नेहमीचं गिऱ्हाईक, बाळू टेम्पोवाला, तिथेच बसला होता. त्यानं रस्त्याकडं एकदा बघितलं आणि हळूच विचारलं, "खरं सांगू का आरटीओला सांगतो ते?"

"खरं सांगा."

बाळूनं आकडा सांगितला. जोशींनी टॅब बंद केला. "तुम्हाला लिफ्ट नको, क्रेन हवी."

अण्णा कोपऱ्यातून म्हणाले, "अवं साहेब, माल उतरवून मग चढवू की! टोमॅटोला कशाला वर न्यायचं?"

* * *

जोशींच्या टॅबवरची लिफ्ट दिसायला झकास होती. दोन खांब आणि त्यांना जोडणारा वर एक आडवा बार. शेडचे मालक कांतीशेठ फोटोवर एकदम खूश. शेठचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ मराठी बोलतात ते आमच्यापेक्षा शुद्ध. म्हणाले, "व्वा! अगदी देवळाच्या दारासारखं दिसतंय."

अण्णांनी टेप काढला. बाराव्या फुटावर बार आणि गाडी नऊ फुटांची. "म्हंजे गाडी तीन फूट वर गेली का टाळकं आपटलं."

जोशी म्हणाले, "काका, तीन फुटांतसुद्धा बरंच काम होतं."

"व्हय," अण्णा म्हणाले, "रांगत!"

तो बार तिथेच बाद झाला. मग ठरली वरून मोकळे खांब असलेली लिफ्ट, जिच्या वायर खाली जमिनीवरच्या पट्टीतून जातात.

* * *

आता उंचीचं माप पक्कं हवं होतं. मी चहाच्या टपरीवर सहज बोलून गेलो, "जो टेम्पो सगळ्यात उंच, त्याचं माप घेणार आणि लिफ्टवर पहिला तोच चढणार."

आमच्या भागात 'पहिला' म्हटलं की मान आला. बैलगाडा असो, जत्रा असो, नाहीतर गॅरेज! दुसऱ्या दिवशी सकाळी सात टेम्पो दारात. एकानं पिंजऱ्यावर भगवा झेंडा लावलेला. एकानं वर स्टेपनी बांधलेली. बाळूनं टायरात इतकी हवा मारली होती की गाडी टणाटण वाजत होती.

झेंडे, स्टेपन्या उतरवून अण्णांनी मापं घेतली. बाळूचा टेम्पो जिंकला. त्यानं लगेच पेढे वाटले. मी जोशींना माप कळवून टाकलं.

दोन दिवसांनी बाळू मार्केटात माल खाली करून परत येताना थांबला. अण्णांनी सवयीनं परत टेप लावला. गाडी चार बोटं उंच! परवा ती क्रेटनी भरलेली होती, स्प्रिंगचे पाटे वजनानं दबलेले. लिफ्टवर चढणार ती रिकामी आणि रिकामी गाडी ताठ उभी राहते. हे अण्णांच्याही ध्यानातून गेलं होतं, त्या मानाच्या गडबडीत!

मी बाळूवर डाफरलो, "परवाच सांगायचं नाही का?"

"राव, तुमी उंची इचारली. भरल्यापोटी का उपाशीपोटी, ते कुटं इचारलं?"

* * *

खरी अडचण पुढेच होती. गाडी सव्वानऊ फूट, तिच्याखाली अण्णा सहा फूट आणि शेडचा पत्रा तेराव्या फुटावर. मी कांतीशेठना म्हटलं, पत्रा उचलावा लागेल.

शेठनी बराच वेळ वर बघितलं, मग बराच वेळ खाली बघितलं. "पत्रा कशाला हलवायचा? गाडी वर नेण्यापेक्षा जमीन खाली न्या ना. माणूस उतरेल आत."

अण्णा शांतपणे म्हणाले, "शेठ, त्याला खड्डा म्हनत्यात. तिकडल्या कोपऱ्यात हाय तो. त्यात बी वाकूनच अर्दी जिंदगी गेली माजी."

तेवढ्यात खोडदच्या रेडिओ दुर्बिणींवर काम करणारे एक टेक्निशियन त्यांची जीप घ्यायला आले. आम्ही त्यांनाच गाठलं, म्हटलं तुम्ही शिकलेले, काहीतरी हिशोब सांगा. त्यांनी कागदावर आकृती काढली, पेन्सिल चावली, डोकं खाजवलं. शेवटी म्हणाले, "खरं सांगू? आमच्याकडे एवढाल्या मोठ्या वस्तू आहेत. पण एकीलाही छप्पर नाही!"

शेठ तडक निघून गेले. मला वाटलं, रागावले. दुसऱ्या दिवशी त्यांचीच माणसं लांब पाइप घेऊन हजर, तेवढ्या भागाचा पत्रा चार फूट वर घ्यायला! मी आभार मानायला गेलो, तर म्हणाले, "तुझ्यासाठी नाही. अण्णा गेले तर माझी स्कूटर कोणाला कळणार आहे?"

* * *

मग जोशींनी विचारलं, "कोबा किती जाड आहे? खांब बोल्टनी त्यातच धरायचेत."

"एकदम भक्कम," मी छाती ठोकून सांगितलं.

जोशींच्या माणसानं ड्रिल लावलं. दोन इंचांवर ड्रिल फस्सकन आत गेलं आणि वर आली काळी माती. कोबा करणारा म्हातारा गवंडी गंमत बघायला आला होता. त्यानं हात झटकले. "तवा शेठचं गोदाम व्हतं हे. पोती ठिवायचीत म्हनले व्हते."

शेठ म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. पोत्यांना बोल्ट मारायची पद्धत आमच्यात नाही."

जुना कोबा फोडला, सळया बांधल्या, हातभर जाड नवा टाकला. पाणी धरून ठेवायला कडेनं मातीचा बांध घालायचा होता. फावडं मी मारलं, सूचना अण्णांच्या. तीन आठवडे अण्णा सकाळ-संध्याकाळ पाइपनं पाणी सोडून त्याच्याकडे बघत उभे राहायचे. त्यांच्या गावचा एक जण रस्त्यानं जाताना थांबला आणि अगदी मनापासून म्हणाला, "अण्णा, रोप कवा टाकताय?"

* * *

शेवटी लिफ्ट उभी राहिली. बाळूचा टेम्पो मानानं पहिला चढला. ओझरहून आणलेला नारळ शेठनी फोडला. टेम्पो सरसर वर गेला, खटकन लॉक बसला, टाळ्या पडल्या. अण्णा पाना घेऊन पुढे झाले.

"थांबा!"

दारात हौसावहिनी. कोणाला न सांगता दुपारच्या एसटीनं आलेल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली, दोन्ही खांबांना एक फेरी मारली, वर लटकलेला टेम्पो बघितला.

जोशी लगबगीनं म्हणाले, "काळजी करू नका, वहिनी. वायर तुटली तरी लॉक गाडी सोडत नाही."

"तुमी हुबं ऱ्हाऊन बगितलंय का खाली?"

"म्हणजे... मी..."

"मग ऱ्हावा."

जोशी गेले आणि उभे राहिले. वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावजी, मशिन तुमी आनलं ना? चला." मी गेलो. "बाळू, गाडी तुजी ना?" बाळू आला. कांतीशेठ हळूच फाटकाकडे सरकत होते. "शेठ, कोबा तुमच्या जागंतला ना?" शेठही आले.

वहिनींनी दोन चहा मागवले. एक क्रेट पालथी घालून त्या बसल्या, शेजारी अण्णांना बसवलं. बशीत ओतून, फुंकून फुंकून चहा सुरू झाला. म्हशीचं झालं, भावकीतल्या लग्नाचं झालं, पुतण्याच्या नोकरीचं झालं.

वर टेम्पो एकदा कुर्र वाजला. चौघांनीही माना खाली घातल्या. जोशींचे ओठ हलत होते, रामरक्षा असावी.

ऊन शिवनेरीकडे कललं. शेठ कळवळून म्हणाले, "वहिनी, मला दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं."

"मग हाय की अजून," वहिनी म्हणाल्या आणि बशीत उरलेला चहा ओतला.

तो संपला. त्यांनी बशी पुसून ठेवली, उठल्या, आम्हा चौघांकडे एकेक करून निरखून बघितलं. मग अण्णांकडे वळल्या.

"जावा आता. आन् आदी ह्यांना भायेर काडा, कामात मधी मधी येत्यात!"