उरलेला बोल्ट

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहत. सारी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणे. चाळीस वर्षे त्यांनी मोटारी दुरुस्त केल्या आणि त्या चाळीस वर्षांत एक शिस्त कधी मोडली नाही. गाडीतून काढलेला प्रत्येक नट, प्रत्येक बोल्ट स्टीलच्या ताटात, काढला त्या क्रमाने मांडायचा. आणि ताट रिकामे झाल्यावाचून चावी फिरवायची नाही. एखादा कारागीर "हा एक जास्तीचा दिसतोय" म्हणाला, की मिस्त्री म्हणत, "कंपनी बोल्ट फुकट वाटत नाही, राजा. घाल परत गाडीखाली डोकं."

सत्तरीनंतर त्यांचे विस्मरण वाढले. एकदा चाकाचे नट नुसत्या हाताने फिरवून ठेवले, पान्याने आवळायचे राहिले, आणि गाडी तशीच गॅरेजच्या फाटकापर्यंत गेली. तेव्हा गॅरेज सांभाळणाऱ्या त्यांच्या लेकीने त्यांना घरी बसवले. बसवले म्हणण्यापेक्षा हात जोडून विनवले. मिस्त्रींनी मात्र तिच्याकडून एक शब्द घेतला. माझ्या जुन्या गाडीचे एक काम निघाले होते; ते मिस्त्री स्वतःच्या घरच्या अंगणात, कोणाच्याही मदतीवाचून करतील. ते निर्दोष झाले, तर सोमवारपासून पुन्हा गॅरेजात. न झाले, तर पाना कायमचा खाली.

काम होते इंजिनाखालचा झिजलेला रबरी माउंट बदलण्याचे. शनिवारी सकाळी त्यांनी ते हाती घेतले. मी केवळ विजेरी धरून उभा होतो. दुपारी तीनच्या सुमारास सारे जागच्या जागी बसले आणि ताटात एक बोल्ट राहिला. मिस्त्रींनी तो उचलला, बोटांत फिरवून पाहिला, इंजिनाकडे पाहिले, पुन्हा बोल्टकडे पाहिले आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. मी ते पाहिले. विचारायला हवे होते, विचारले नाही.

"साहेब, मारा चावी."

समोरचे दिवे लख्ख लागले. इंजिनातून 'कट्' असा एकच आवाज आला आणि पुढे काही नाही. दोनदा तेच, चारदा तेच.

"बॅटरी बसली असेल," मिस्त्री म्हणाले; पण दिव्यांकडे त्यांनी पाहिले नाही.

ठरल्याप्रमाणे चार वाजता लेक आली.

"काय म्हणतेय गाडी?"

"रुसलीय."

"रुसलीय, की तुम्ही रुसवलीत?" ती हसली. हसता हसता तिची नजर ताटावर गेली. ताट रिकामे होते. तिला हायसे वाटलेले मला दिसले.

मग तिने मीटर लावून बॅटरी तपासली. बॅटरी पूर्ण भरलेली होती. हॉर्न खणखणीत वाजला. "वीज आहे, पण इंजिनापर्यंतची तिची वाट कुठेतरी तुटलीय," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. तिने एका जाड तारेचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला जोडले.

"काका, फिरवा आता चावी," ती मला म्हणाली.

इंजिन धडधडत सुरू झाले.

"बंद करा," ती लगेच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंदाचा लवलेशही नव्हता. ती गाडीखाली शिरली. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी एका बाजूने लोंबत होती. विजेला परतायला वाट नव्हती ती त्यामुळे.

बाहेर येऊन तिने हात पुसले. "पट्टीचा बोल्ट नाहीये. पडला असेल कुठेतरी मातीत. माझ्या गाडीत असतात असे बोल्ट, त्यातला एक लावू या. एवढंच तर आहे."

ती वडिलांकडे न पाहता बोलत होती. तिने त्यांच्यासाठी सुटकेचे दार उघडे ठेवले होते. मिस्त्रींना त्यातून सहज निघून जाता आले असते. ते काही क्षण उभे राहिले. मग त्यांनी खिशातून बोल्ट काढला आणि ताटात ठेवला. त्याचा ठण्ण आवाज झाला.

"कंपनी फुकट वाटत नाही," ते म्हणाले.

लेकीने ताटातल्या बोल्टकडे पाहिले. "कुठला ते आठवलं नाही?"

"नाही."

"मग मला फोन करायचात ना, बाबा."

"केला असता, तर तू सांगितलं असतंस. मला स्वतःला आठवायला हवं होतं, बाळ."

माझ्या हातातली विजेरी तिने घेतली आणि गाडीखाली धरली. मिस्त्री पाठीवर झोपून आत सरकले. बोल्ट कुठे बसतो हे दिसल्यावर त्यांचा हात क्षणभरही अडखळला नाही. बोल्ट आवळलाही अगदी मापात. मी चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. काम संपले, की बॉनेटवर तळवा ठेवून इंजिन ऐकण्याची त्यांची सवय होती. त्या दिवशी ते ताट पुसत राहिले.

"सोमवारी माझी वाट बघू नकोस," ते म्हणाले.

लेकीने मान हलवली आणि खाली बसून त्यांचे पाने कापडी पट्ट्यात भरू लागली. दहा, चौदा, बारा.

"चौदाच्या आधी बारा, अगं."

"हो, बाबा."

पण तिने पान्यांना हात लावला नाही. मिस्त्री खाली वाकले, बारा-चौदाचे पाने काढून आपापल्या जागी ठेवले, आणि मग तिने पट्टा गुंडाळला.