हारुकोचे कोरडे केस

वेनोच्या मासळीबाजारात हारुको कुठे भेटेल असं विचारलंत, तर लोक उलट विचारतील, "कुठली हारुको?" बेटावर तीन-चार तरी आहेत. "कोरड्या केसांची" म्हणा, की म्हातारी मासेवालीसुद्धा हनुवटीनं धक्क्याकडे खूण करते.

आमच्याकडे बाईनं केसांना खोबरेल लावायचं नाही म्हणजे तोंड न धुता चर्चमध्ये येण्यासारखं. लग्न असो, बारसं असो, मयत असो, फुलं घालून कढवलेल्या तेलाची बाटली फिरते आणि जो तो तळहात पुढे करतो. हारुको हात मागे घेते. बावीस वर्षं घेते आहे.

"नवऱ्यानं टाकलं म्हणून तेलावर राग काढतेस काय गं?" एका लग्नात तिच्या जावेनं भर पंगतीत विचारलं होतं.

"नवरा घरी घोरतोय," हारुको म्हणाली. "टाकलंय ते तेल. नीरफणस वाढ जरा."

तेल टाकलं ते कामापायी. तोसिवोच्या दुकानातून पाहुणे लगूनच्या, म्हणजे बेटाभोवती प्रवाळाच्या कड्यात अडलेल्या समुद्राच्या, तळाशी बुडालेली युद्धातली जहाजं बघायला पाण्याखाली जातात, आणि त्यांच्या पाठीवरच्या टाक्या मागच्या खोलीत हारुको भरते. साध्या हवेवर खाली फार वेळ काढता येत नाही. हवेत ऑक्सिजन वाढवला, की जास्त वेळ मिळतो. पण मग ठरलेल्या खोलीच्या खाली जायचं नाही, गेलात तर तोच ऑक्सिजन झटके आणतो. अशी टाकी भरायची तर आधी तिच्यात शुद्ध ऑक्सिजन सोडायचा, मग त्यावर गाळलेली हवा. आणि शुद्ध ऑक्सिजन दाबानं आत घुसताना वाटेत तेल असलं, तर काडी ओढावी लागत नाही.

मी दुकानात पुढच्या टेबलावर पाहुण्यांची नावं लिहिते. नोकरीच्या पहिल्या दिवशी चापूनचोपून तेल लावून मी त्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिले होते.

"छान वेणी आहे," हारुको आतून म्हणाली. "कुणी घातली?"

"आईनं."

"मग आईसाठी तरी तिथेच थांब."

तिचं काम मी उंबऱ्यावरूनच पाहिलं. साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, नखं ब्रशनं घासायची. टाकी आतून धुवायची, खळबळायची, कोरडी करायची, मग आत दिवा सोडून एक डोळा मिटून बघत राहायचं. व्हॉल्व्हचा स्क्रू न् स्क्रू सुटा करायचा, रबरी कड्या नव्या घालायच्या, त्यांना ऑक्सिजनमध्ये न पेटणारं वेगळं ग्रीस. ऑक्सिजनचा नळ इतका हळू उघडायची, की मला वाटायचं झोप लागली बाईला. हाताखाली टाकी कोमट लागली की थांबायची. भरून झाल्यावर आत ऑक्सिजन किती ते पाहुण्यानं स्वतः मोजायचं, टाकीवरच्या पट्टीवर तो आकडा आणि किती खोल जायचं ते लिहायचं आणि सही करायची. एकदा एक गोरा डॉक्टर म्हणाला, "तुमच्यावर विश्वास आहे, राहू दे."

"माझाही तुमच्यावर आहे," ती म्हणाली. "पण श्वास तुम्ही घेणार. सही करा."

एवढ्या वर्षांत तिची एक टाकी चुकीची निघाली नाही. तोसिवो हे पाहुण्यांना सांगतो तेव्हा पोट जरा पुढे काढून सांगतो.

अशा बाईला कुणापुढे वाकावं लागत असेल, तर तो तिचा थोरला भाऊ. कानिची आमचा सगळ्यात जुना वाटाड्या, पाहुण्यांना घेऊन पाण्याखाली जाणारा. डोळे बांधले तरी जहाजाच्या इंजिनखोलीतून बाहेर येईल. आमच्याकडे बहिणीनं भावापेक्षा उंच व्हायचं नाही. तो बसला असेल तर तिनं कमरेत वाकून पुढून जायचं, चारचौघांत त्याचा शब्द मोडायचा नाही. कानिचीचा गुडघा गेली दोन वर्षं धरलाय, त्यामुळे तो दिसेल तिथे बसतो आणि हारुको दिवसातून वीसदा वाकते. दोघांनाही त्याचं काही वाटत नाही.

मार्चमधल्या त्या आठवड्यात कानिचीच्या मुलीचं लग्न होतं. हारुकोनं शुक्रवारी बारा टाक्या आतून धुतल्या, बारा व्हॉल्व्ह घासून पांढऱ्या कापडावर वाळत ठेवले आणि शनिवारी लग्नाला गेली. सोमवारी सकाळी येऊन बघते, तर सगळे व्हॉल्व्ह टाक्यांवर बसवलेले.

दारात खोक्यावर कानिची बसला होता, अगदी खुशीत.

"शनिवारी लग्न उरकून येताना मीच बसवले," तो म्हणाला. "लग्नात एवढी राबलीस. म्हटलं, तेवढंच तुझं काम हलकं."

"बरं केलंस, दादा." ती वाकून आत गेली.

बाहेर सहा पाहुणे कपडे चढवत होते. त्यांचा हा शेवटचा दिवस. इंजिनखोली पूर्ण दाखवतो, असं कानिचीनं त्यांना आठवडाभर सांगितलं होतं, आणि तेवढा वेळ साध्या हवेवर मिळणार नव्हता.

हारुकोनं पहिल्या टाकीला नळी लावायला हात घातला आणि थांबली. वाकून तिनं व्हॉल्व्हच्या तोंडाचा वास घेतला. मग दुसऱ्याचा. मलाही उंबऱ्यावर आता तो आला: फुलांचा, लग्नाचा.

"दादा, बसवताना आटे घट्ट गेले का रे?"

"घट्ट? पहिले दोन हलेचनात. मग सगळ्यांनाच बोटानं जरा लावलं. हाताला होतंच."

तोसिवो आत डोकावला. "हारुको, बोट तयार आहे. भरायला घेतलंस का?"

"घेतेय ती," कानिची म्हणाला. "थेंबभर तर तेल. पुसून घे गं फडक्यानं आणि भर. लोक खोळंबलेत."

हारुकोनं ऑक्सिजनच्या मोठ्या, आडव्या ठेवलेल्या सिलिंडरचा नळ घट्ट बंद केला, आणि नळासमोरच फरशीवर मांडी घातली. पाठ नळाला टेकवलेली, डोकं भावाच्या खांद्यापेक्षा खाली.

"हे काय?" कानिची म्हणाला.

"तू बसलायस ना, दादा. मी उंच कशी राहू?"

"मग भरणार कशी बसून?"

"तेच म्हणतेय मी."

तोसिवोनं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. नळ उघडायचा तर हारुकोला उचलून बाजूला ठेवावं लागलं असतं, आणि तिच्यावर कुणी बोट ठेवू शकत नव्हतं. बहिणीनं भावापुढे असावं तशीच ती होती.

"हारुको, मी शब्द दिलाय त्यांना," कानिची हळू आवाजात म्हणाला. "मला तोंडघशी पाडू नकोस."

तिनं एका टाकीचा व्हॉल्व्ह बसल्या बसल्याच सोडवला. शेजारचा तांब्या घेऊन तिनं आधी शुक्रवारी धुतलेल्या, कापडावरच राहिलेल्या एका जादा तुकड्यावर पाणी ओतलं. पाणी सपाट पसरलं, कागद चिकटावा तसं. मग सोडवलेला व्हॉल्व्ह फडक्यानं पुसून त्यावर ओतलं. तिथे ते पसरलं नाही. गोल गोल मणी होऊन धातूवर उभं राहिलं. तिनं तो व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी भावापुढे धरला.

"पुसून जात नाही ते," ती म्हणाली. "परवा पोरीच्या डोक्याला हेच तेल तू लावलंस, मी बघत होते. फार छान दिसत होती. मला तिच्या बापाला घरी धाडायचंय, दादा."

कानिचीनं त्यातल्या एका मण्याला बोट लावून बघितलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठला आणि बाहेर गेला. पाहुण्यांना त्याचा आवाज ऐकू आला तसा आम्हालाही आला.

"चूक माझी झाली. तेलाच्या हातानं टाक्यांना हात लावला. आज साध्या हवेवर जाऊ. इंजिनखोली दारातून दाखवीन, आत नाही."

एक बाई कुरकुरली. बाकीच्यांनी साध्या टाक्या उचलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं तेव्हा कानिची नळावर कोपरापर्यंत हात घासत होता. नखंही. मग तो मागच्या खोलीत गेला, आणि बहीण-भावांनी बारा व्हॉल्व्ह पुन्हा सुटे करायला घेतले. ती शेजारी ताठ उभी राहून एकेक तुकडा दिव्यापुढे धरत होती आणि पसंत नसला की मुकाट्यानं त्याच्याकडे परत देत होती. तो मुकाट्यानं परत घासत होता.

दुपारपर्यंत त्याचा पाय थरथरायला लागला. मी खोकं उंबऱ्याशी नेऊन ठेवलं.

"बसा ना मामा. गुडघा सुजेल."

"नको," तो म्हणाला. "मी बसलो की ती वाकेल. दिव्यात नीट दिसायचं नाही तिला."