मान हलली म्हणजे बोली नव्हे

लुमीर कुबिचेकनं नेब्रास्कातल्या गुरांच्या बाजारात एकतीस वर्षं लिलाव पुकारला. त्याची जीभ सुटली की वळूसुद्धा कान टवकारायचे, असं लोक म्हणत. आता तीच जीभ तोंडात ओल्या पोत्यासारखी पडून असते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूकडून स्नायूंना जाणारे निरोप तुटत चाललेत. हात जातील, वाचा जाईल, मान जाईल, शेवटी श्वास. डोकं आणि डोळे बहुतेक शाबूत राहतील.

"म्हंजे पुष्कळ उरलं की!" लुमीर म्हणाला होता. तेव्हा त्याला बोलता येत होतं.

बाजारात त्याचा एक नियम होता. नुसती मान हलली म्हणून तो बोली धरत नसे; डोळ्याला डोळा भिडला पाहिजे. याला कारण त्याचा दोस्त ड्वेन, गुरांचा व्यापारी. एकदा बाकावर बसून दुपारच्या डुलक्या घेत होता, तर दुसऱ्या एका पुकाऱ्यानं त्याच्या गळ्यात अकरा कालवडी मारल्या. ती गोष्ट बाजार अजून विसरलेला नाही.

ऑक्टोबरात लुमीरची मुलगी रेनाटा त्याला लिंकन शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली. ट्रक ड्वेनचा, चालवायलाही तोच. ग्रेटा नावाची नर्स कागद घेऊन बसली. पुढं काय करायचं, काय नाही, हे लुमीरला सांगता येतंय तोवरच लिहून ठेवायचं होतं. त्याची वाचा पुरती गेल्यावर रेनाटा त्याच्या वतीनं बोलेल, हे पहिल्याच ओळीत आलं.

"पोटात नळी घालून अन्न दिलं तर?"

लुमीर घशातून काहीतरी घरघरला. ते फक्त रेनाटाला कळायचं. "चालेल म्हणतायत. पण नळीतून कोलाचे, ते जॅम भरलेले गोड पाव, जाणार नाहीत, याचं वाईट वाटतंय."

"तुझ्या वाटचे मी खातो, लेका," ड्वेन म्हणाला. "तेवढं दोस्तीखातर सोसंन मी."

झोपेत श्वासाला मुखवटा? तोही चालेल.

"आणि श्वास अगदीच कमी पडला, तर गळ्याला छेद देऊन कायमचं मशीन?"

तेवढ्यात लुमीरची दमलेली मान खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली.

"हो म्हणाले!" रेनाटाचा चेहरा उजळला. वर्षभर तिला हेच ऐकायचं होतं. ग्रेटानं कागदावर पेन टेकवलं.

थाड! होता नव्हता तो जोर लावून लुमीरनं डावा तळवा टेबलावर आपटला. बाजारात चुकीची बोली तो असाच मोडायचा. बारा वर्षं त्याच्या शेजारी बसून रेनाटानं बोल्या टिपल्या होत्या. तिचा चेहरा उतरला.

"पोरी," ड्वेन हळूच म्हणाला, "अकरा कालवडी."

रेनाटा बापासमोर गुडघ्यांवर बसली. त्याची हनुवटी तिनं तळहातावर तोलून धरली.

"बाबा, माझ्याकडे बघा. हो असेल तर डोळे वर करा, नाही असेल तर मिटा. एकवार. मशीन लावायचं?"

डोळे मिटले.

"दोनवार. माझ्यासाठी तरी?"

लुमीर तिच्याकडे बघत राहिला. डोळे भरून आले, आणि मिटले.

"तीनवार?"

या वेळी मिटलेले डोळे उघडेचनात. शेवटी रेनाटानं लिलावाच्या हातोड्यासारखं पेनाचं बूड टेबलावर ठोकलं, तेव्हा कुठे उघडले.

"नाही लिहा," ती ग्रेटाला म्हणाली. आवाज चिरका होता, पण ठाम. लुमीर पुन्हा घरघरला, तशी ती रडतारडता हसली. "दर चार महिन्यांनी विचारत जा, म्हणतायत. म्हणे, मी आहे तोवर बाजार उठलेला नाही."

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात तिनं ठळक अक्षरांत लिहिलं: मान हलली म्हणजे हो नव्हे. डोळ्यांत बघा. एक प्रत दवाखान्यात राहिली, एक घरी फ्रिजच्या दारावर लावायला घेतली.

परतताना खडीच्या रस्त्यावर ट्रक उसळायला लागला, तशी लुमीरची मान डुलू लागली.

"बघ, बघ!" ड्वेन ओरडला. "माझा खटारा इकत घेतोय ह्यो!"

रेनाटानं वाकून बापाच्या डोळ्यांत पाहिलं.

"नाही म्हणाले," ती म्हणाली.